सुरांचा अर्थ शोधणारी तर्कशास्त्रज्ञ

सुझन लँगर यांना प्राध्यापकाची कायमची जागा मिळाली ती १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू लंडन या गावी, कनेक्टिकट कॉलेज या तेव्हाच्या मुलींच्या कॉलेजात. तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. 'फिलॉसॉफी इन अ न्यू की' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक निघून बारा वर्षं झाली होती. 'फीलिंग अँड फॉर्म' हा कलेच्या तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. प्रतीकात्मक तर्कशास्त्राचं त्यांचं पाठ्यपुस्तक तर १९३७ पासून बाजारात होतं. संगीताच्या तत्त्वज्ञानावर लिहिणाऱ्या कोणालाही आज ज्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही, त्यांच्या आयुष्यातली पंचवीसेक वर्षं कनिष्ठ आणि हंगामी नेमणुकांवर गेली.

ही कारकीर्द मला मोलाची वाटते ती केवळ चिकाटीसाठी नव्हे. संगीताबद्दल बोलायचं म्हणजे एकतर घराणी, ताना, श्रुती यांचा तांत्रिक तपशील द्यायचा किंवा भारावलेली विशेषणं वापरायची, असे दोनच रस्ते आपल्याला माहीत असतात. लँगर यांनी तिसरा रस्ता चोखाळला. त्या मूळच्या तर्कशास्त्राच्या अभ्यासक. सुरांना अर्थ असतो का, असला तर तो कुठल्या जातीचा, आणि शब्दांच्या अर्थापेक्षा तो वेगळा कशामुळे, हे प्रश्न त्यांनी तर्कशास्त्राचे प्रश्न म्हणून हाती घेतले आणि आयुष्यभर सोडले नाहीत.

त्यांचा जन्म २० डिसेंबर १८९५ चा, न्यूयॉर्कचा. माहेरचं नाव सुझन क्नाउथ. आईवडील जर्मनीतून आलेले, वडील पेशाने वकील. घरात जर्मन बोलली जायची आणि संगीत तर रोजचंच होतं. सुझन पियानो शिकल्या, चेलो शिकल्या, आणि चेलोची सोबत त्यांनी उतारवयापर्यंत सोडली नाही. मुलींनी कॉलेजात जावं हे वडिलांना पसंत नव्हतं. त्यांच्या निधनानंतर, १९१६ मध्ये, सुझन यांनी रॅडक्लिफ कॉलेजात नाव घातलं.

रॅडक्लिफ हे तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाच्या शेजारचं मुलींचं कॉलेज होतं. हार्वर्डचे प्राध्यापक मुलांच्या वर्गात व्याख्यान देत आणि तेच व्याख्यान रॅडक्लिफमध्ये येऊन मुलींना पुन्हा देत. ही पद्धत १९४३ पर्यंत चालू होती. शिक्षक हार्वर्डचे, विषय हार्वर्डचे, पण पदवी रॅडक्लिफची. या व्यवस्थेत सुझन यांना हेन्री शेफर यांच्यासारखा तर्कशास्त्राचा शिक्षक लाभला. विधानांचं सगळं तर्कशास्त्र एकाच क्रियाचिन्हावर उभं करता येतं, हे शेफर यांनी १९१३ मध्ये दाखवून दिलं होतं. पुढे १९२४ मध्ये आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड इंग्लंडहून हार्वर्डला आले. बर्ट्रंड रसेल यांच्याबरोबर 'प्रिन्किपिया मॅथेमॅटिका' लिहिणारे ते हेच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुझन यांनी १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता अर्थाचं तार्किक विश्लेषण.

दरम्यान १९२१ मध्ये इतिहासाचे अभ्यासक विल्यम लँगर यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं, दोन मुलगे झाले होते, आणि १९२३ मध्ये परीकथांचं एक पुस्तकही त्यांनी प्रसिद्ध केलं होतं. पतीची हार्वर्डमध्ये भरभराट झाली. सुझन १९२७ ते १९४२ अशी पंधरा वर्षं रॅडक्लिफमध्ये ट्यूटर राहिल्या. विद्यार्थिनींना एकेकटीला मार्गदर्शन करायचं, अशी ती कनिष्ठ जागा. हार्वर्डने पहिल्यांदा एखाद्या स्त्रीला कायम प्राध्यापकपद दिलं ते १९४८ मध्ये, हेलन मॉड कॅम या इतिहासकार बाईंना. तोवर लँगर तिथून निघून गेल्या होत्या.

या ट्यूटरकीच्या काळातला एक छोटा लेख फारसा कोणी वाचत नाही, पण मला तो त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाची किल्ली वाटतो. १९२९ मध्ये 'द मॉनिस्ट' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात तो छापून आला. भूमितीत जशी मोजकी गृहीतकं मांडून त्यांतून बाकीची प्रमेयं काढतात, तसा सांगीतिक रचनेसाठी गृहीतकांचा एक संच त्यात मांडला होता. हा प्रयत्न कोरडा होता आणि त्यातून संगीताचं मर्म हाती लागण्यासारखं नव्हतं. पण सुरांच्या जगात तर्कसंगत रचना असते आणि तिचा अभ्यास करता येतो, हा विश्वास त्यात होता. चेलो वाजवणारी मुलगी आणि शेफर यांची विद्यार्थिनी इथे पहिल्यांदा एका कागदावर आल्या.

त्या काळी तत्त्वज्ञानात वारं कुठल्या दिशेने वाहत होतं हे लक्षात घेतल्याशिवाय लँगर यांचं धाडस कळत नाही. व्हिएन्नातून आलेल्या तार्किक प्रत्यक्षार्थवादाने जोर धरला होता. पडताळता येईल असं विधान किंवा तर्कशास्त्राचं विधान, एवढंच अर्थपूर्ण. बाकी सगळं भावनेचा उद्गार. याच पंथाच्या रुडॉल्फ कार्नाप यांनी भावकविता, संगीत आणि तत्त्वमीमांसा यांना हसण्याच्या आणि उद्गारांच्या पंगतीला बसवलं होतं: त्यांतून माणसाची मनःस्थिती प्रकट होते, पण त्या काही सांगत नाहीत. विटगेनस्टाइन यांच्या 'ट्रॅक्टेटस'ने जे बोलता येत नाही त्याबद्दल मौन पाळायला सांगितलं होतं.

लँगर यांनी 'ट्रॅक्टेटस' बारकाईने वाचला होता आणि त्यातली एक कल्पना त्यांना मनापासून पटली होती. विधान हे वस्तुस्थितीचं चित्र असतं, कारण दोघांची तार्किक घडण सारखी असते. ध्वनिमुद्रिकेवरच्या रेषा, कागदावरचं स्वरलेखन आणि कानावर पडणारं संगीत या तिन्ही गोष्टी दिसायला-ऐकायला अगदी वेगळ्या, पण त्यांची घडण एकच असल्यामुळे एकीवरून दुसरीकडे जाता येतं. लँगर यांनी एवढा धागा उचलला आणि विचारलं, की घडणीचं साम्य हाच अर्थाचा पाया असेल, तर तो मान फक्त भाषेला का द्यायचा? शब्दांत सांगता येत नाही ते दुसऱ्या कुठल्या प्रतीकांनी मांडता येत असेल, तर भाषेची सीमा ही विचाराची सीमा ठरत नाही.

याच प्रश्नावर 'फिलॉसॉफी इन अ न्यू की' उभं आहे. भाषा आणि चित्र यांतला फरक त्यांनी असा मांडला. भाषेत एक शब्द, मग दुसरा, मग तिसरा, अशी रांग लागते. जगात गोष्टी एकात एक गुंतलेल्या असल्या तरी बोलताना त्या एकापुढे एक ठेवाव्या लागतात. अंगावर कपडे एकावर एक चढवलेले असतात, पण वाळत घालताना ते दोरीवर शेजारीशेजारी टाकावे लागतात, हे उदाहरण त्यांचंच. भाषेतल्या प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ असतो, तो कोशात सापडतो, एका शब्दाऐवजी दुसरा वापरता येतो आणि एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेता येतं.

छायाचित्राचं तसं नसतं. चेहऱ्याच्या छायाचित्रात नाकाजवळ जो करडा ठिपका असतो त्याला एकट्याला काही अर्थ नाही. तो ठिपका काढून कोशात लावता येत नाही. सगळे ठिपके एका वेळी, एकमेकांच्या नात्याने समोर येतात तेव्हाच चेहरा दिसतो. अशा प्रतीकांना लँगर यांनी भाषिक प्रतीकांपासून वेगळं काढलं. त्यांना आपण समग्रदर्शी प्रतीकं म्हणू. कर्मकांड, मिथक, चित्र आणि संगीत ही सगळी त्यांच्या मते या जातीची. ती अडाणी भाषा नव्हेत. त्यांचं काम निराळं आहे आणि ते बुद्धीचंच काम आहे.

आपल्या रागसंगीतात हे पडताळून पाहणं सोपं आहे. कोमल गंधार बागेश्रीत आहे, भीमपलासीत आहे आणि दरबारीतही आहे. त्या सुराचा स्वतःचा असा अर्थ सांगायला गेलं तर हात रिकामेच राहतात. दरबारीत तो आंदोलत, धैवताशी नातं सांगत येतो. बागेश्रीत मध्यमाच्या आधाराने येतो. सूर कोशातल्या शब्दासारखा वागत नाही, तो नात्यांतून बोलतो. कोमल म्हणजे करुण आणि शुद्ध म्हणजे प्रसन्न, अशी कोष्टकं आपल्याकडेही पुष्कळ निघाली. लँगर यांचा दृष्टिकोन समजला की ती का टिकत नाहीत हे उमगतं.

मग संगीताचा अर्थ कशाचा? लँगर यांचं उत्तर असं, की आपल्या भावजीवनाला एक घडण असते. ताण वाढतो, थांबतो, सैल होतो. काही उसळतं, काही हळूहळू विरतं. एक गोष्ट संपत असतानाच दुसरीची तयारी होते. दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी मनात असतात. ही सगळी हालचाल शब्दांच्या रांगेत बसत नाही. आपल्याकडे राग, दुःख, आनंद अशी मोजकी नावं आहेत, आणि ती म्हणजे पेट्यांवरच्या चिठ्ठ्या. आत काय चाललंय त्याची घडण त्या चिठ्ठीवर नसते. संगीतात मात्र तशीच घडण कानांना ऐकू येते. म्हणून संगीत हे भावजीवनाचं सुरांतलं प्रतिरूप.

विलंबित एकताल घ्या. बारा मात्रांचं आवर्तन. अतिविलंबित गायकीत एकेका मात्रेला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे एक आवर्तन मिनिटभराचं. घड्याळाच्या हिशेबाने पहिली मात्रा आणि अकरावी मात्रा यांची लांबी एकच. ऐकणाऱ्याच्या लेखी त्या कधीच सारख्या नसतात. सम होऊन गेल्यावरच्या दोन-तीन मात्रांत ऐसपैस जागा असते, गायक स्वरावर रेंगाळतो, आपणही सैलावतो. नवव्या मात्रेपासून हवा बदलते. बंदिशीचा मुखडा जवळ येतोय हे कळलेलं असतं. दहावी, अकरावी... प्रत्येक क्षण पुढच्या क्षणाकडे ओढत नेतो, आणि गायक मुद्दाम एक तिरका आलाप घेऊन तो ताण आणखी वाढवतो. समेवर मुखडा येतो, सभागृहात माना हलतात, आणि त्या सुटकेतच पुढच्या आवर्तनाची सुरुवात झालेली असते. लय म्हणजे जुना ताण सुटत असताना त्यातूनच नवा ताण उभा राहणं, असं लँगर यांनी मांडलं आहे. त्यांनी ते युरोपीय संगीत समोर ठेवून लिहिलं, पण मला त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा विलंबित ख्यालात दिसतो.

'फीलिंग अँड फॉर्म'मध्ये त्यांनी याला नेटकं रूप दिलं. प्रत्येक कला आपापला एक आभासी प्रदेश निर्माण करते. चित्र आभासी अवकाश उभा करतं, नृत्य शक्तींचा आभासी खेळ, कथा-कादंबरी आभासी भूतकाळ, नाटक येऊ घातलेलं भवितव्य. संगीत आभासी काळ निर्माण करतं: घड्याळाचा सपाट काळ बाजूला सरतो आणि जगताना जाणवणारा, आकसणारा-फुगणारा काळ ऐकू येऊ लागतो. या विभागणीतले काही सांधे ओढूनताणून जुळवलेले आहेत. कादंबरीचा भूतकाळ आणि नाटकाचं भविष्य ही जोडी मला कायम थोडी जास्तच व्यवस्थित वाटत आली आहे. संगीताचं प्रकरण मात्र ठाम उभं आहे.

यातूनच त्यांनी एका जुन्या आणि अजूनही लोकप्रिय समजुतीला धक्का दिला. कलावंत आपलं दुःख सुरांत ओततो आणि म्हणून आपण हेलावतो, ही ती समजूत. स्वतः हेलावल्याशिवाय वादकाला दुसऱ्याला हेलावता येत नाही, असं कार्ल फिलिप इमान्युएल बाख यांच्यासारख्या संगीतकारानेही लिहून ठेवलं होतं. लँगर यांचं म्हणणं, की भावना नुसती बाहेर पडायला कलेची गरजच नाही. रडणारं तान्हं मूल कुठल्याही गायकापेक्षा जास्त भावना व्यक्त करतं, पण ते ऐकायला कोणी मैफलीला जात नाही. संगीतकाराला भावनेचं ज्ञान असतं. त्या घटकेला ती भावना त्याच्या मनात असलीच पाहिजे असं नाही. तरुण गायक विरहाची ठुमरी उत्तम गातो तेव्हा त्याने तो विरह भोगला आहे का, हा प्रश्न गैरलागू ठरतो. विरहाची चाल त्याला कळली आहे का, एवढंच विचारायचं.

इथे त्या आपल्या परंपरेच्या फार जवळ येतात, आणि हे साम्य त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. 'फीलिंग अँड फॉर्म'मध्ये नाटकाची चर्चा करताना त्यांनी रससिद्धांताचा आदराने उल्लेख केला आहे. नटाला वाटणारी भावना, प्रेक्षकाला वाटणारी भावना, पात्राची म्हणून दाखवलेली भावना आणि या तिन्हींहून वेगळा, समग्र नाट्यकृतीतून प्रकाशणारा भाव, हे भेद भारतीय विचारवंतांनी पाश्चात्त्यांपेक्षा अधिक नीट केले, असं त्यांनी म्हटलं. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांचं साधारणीकरण, म्हणजे खासगी भावना सर्वांच्या आस्वादाची होणं, ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. संस्कृत न येणाऱ्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाला रस आणि व्यक्तिगत भावना यांतला फरक एवढा अचूक कळावा, याचं मला फार अप्रूप आहे. दिल्ली विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे सुशीलकुमार सक्सेना यांनी पुढे हाच दुवा उलट्या बाजूने पकडला. हिंदुस्थानी संगीत, ताल आणि कथक यांना लँगर यांच्या कसोट्या लावून पाहणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक २००१ मध्ये निघालं.

लँगर लिहीत होत्या त्याच काळात मराठीतही हे प्रश्न धगधगत होते. कलेतला आशय बाजूला सारून संवाद, विरोध, समतोल या लयीच्या तत्त्वांवर सौंदर्य उभं करण्याचा मर्ढेकरांचा आग्रह, आणि तो तपासून पाहणारी रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' मराठी वाचकाला माहीत आहे. अशोक रानडे यांनी १९७१ मध्ये 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं. मर्ढेकर वाचलेल्या माणसाला लँगर सोप्या जातात. घडणीवर दोघांचाही भर आहे. पण मर्ढेकर ज्या घडणीला भावजीवनापासून तोडतात तिलाच लँगर भावजीवनाची घडण म्हणतात.

लँगर यांचा एक सिद्धांत मात्र आपल्या कानांना अर्धाच पटतो. शब्द आणि सूर एकत्र आले की सूर शब्दांना गिळून टाकतात, असं त्या म्हणतात. गाण्यात कविता कविता राहत नाही, ती संगीताचा कच्चा माल होते. शूबर्टने म्युलरच्या बेताच्या कवितांची गाणी केली आणि हाइने, शेक्सपिअर यांच्या श्रेष्ठ कवितांचीही केली. दोन्ही गाणी म्हणून सुंदरच आहेत, हा त्यांचा पुरावा. ख्यालाला हे तंतोतंत लागू पडतं. कितीतरी बंदिशींचे शब्द सासू-नणंदेच्या जाचाचे असतात, आणि गंभीर रागात त्या विस्ताराने गायल्या जातात तेव्हा श्रोत्याच्या मनात घरगुती तक्रार उमटत नाही. तराण्यात तर शब्दांना अर्थच नसतो आणि काही उणंही भासत नाही. पण भीमसेन जोशी अभंग गायला लागले की सभागृहातली माणसं शब्द पुटपुटू लागत. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांत कबीर विरघळून जात नाही, सुरांमुळे तो अधिक धारदार होतो. नाट्यपदाचं आणि भावगीताचं तर सगळं आयुष्य शब्द-सुरांच्या भागीदारीवर चालतं. एकाने दुसऱ्याला गिळलं तर ते पद पडतं. लँगर यांनी ही भागीदारी मानायला हवी होती.

व्यावसायिक तत्त्वज्ञांनी त्यांच्यावर घेतलेले आक्षेप याहून टोकदार होते. कोलंबिया विद्यापीठाचे अर्नेस्ट नेगेल यांनी १९४३ मध्येच 'फिलॉसॉफी इन अ न्यू की'चं परीक्षण लिहून विचारलं, की ज्याचा अर्थ ठरलेला नाही त्याला प्रतीक कसं म्हणायचं? प्रतीक म्हणजे कशाचं तरी प्रतीक. लँगर स्वतः संगीताला अर्थ पक्का न झालेलं प्रतीक म्हणत होत्या, म्हणजे घाव नेमका तिथेच बसला. त्यांनी तो मनावर घेतला. १९५७ च्या 'प्रॉब्लेम्स ऑफ आर्ट'मध्ये त्यांनी शब्दयोजना बदलली आणि कलाकृतीला अभिव्यक्तिक्षम आकार म्हणणं पसंत केलं. दुसरा आक्षेप पुढे माल्कम बड यांच्यासारख्या अभ्यासकांनी तपशिलात मांडला. ताण, चढ, उतार, सुटका ही घडण भावनांचीच कशावरून? भरती-ओहोटीचीही तीच, वादळाचीही तीच. आणि फक्त ताण-सुटकेवरून दुःख आणि शांतपणा वेगळे कसे ओळखायचे? एकच सुरावट कोणाला उदास आणि कोणाला प्रसन्न वाटू शकते हे लँगर यांना मान्यच होतं, उलट त्या ते आपल्या बाजूचं प्रमाण मानत. तरीही या आक्षेपाचं पुरतं समाधान त्यांच्या लेखनात सापडत नाही. तत्त्वज्ञ पीटर किव्ही यांनी १९८० पासून संगीत आणि भावना यांवर जी मोठी चर्चा पुन्हा उभी केली तिच्या मुळाशी हीच अडचण आहे.

नोकरीची गोष्ट मधेच राहिली. १९४२ हे वर्ष दोन अर्थांनी वळणाचं ठरलं: 'फिलॉसॉफी इन अ न्यू की' प्रसिद्ध झालं आणि घटस्फोटही झाला. त्यानंतर डेलावेअर विद्यापीठात थोडा काळ, १९४५ ते १९५० कोलंबियात व्याख्याता, मग चार वर्षं या विद्यापीठातून त्या विद्यापीठात पाहुण्या अध्यापक. याच फिरतीत त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर यांचं भाषा आणि मिथक यांवरचं पुस्तक जर्मनमधून इंग्रजीत आणलं आणि 'फीलिंग अँड फॉर्म' लिहून कासिरर यांच्या स्मृतीस अर्पण केलं. 'फिलॉसॉफी इन अ न्यू की'च्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि ते कॉलेजच्या मुलांपासून चित्रकार-नर्तकांपर्यंत पोहोचलं. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. ज्या विद्यापीठाच्या छापखान्याने ते छापलं, त्या विद्यापीठाने लेखिकेला कधी कायमची जागा दिली नाही.

त्यांना निवांतपणा मिळाला तो विद्यापीठाबाहेरच्या पैशातून. पिट्सबर्गच्या कॉफमन कुटुंबाच्या धर्मादाय निधीने १९५६ पासून त्यांना संशोधनासाठी साहाय्य दिलं. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटकडून धबधब्यावरचं 'फॉलिंगवॉटर' हे जगप्रसिद्ध घर बांधून घेणारं हेच कुटुंब. या आधारावर १९६२ मध्ये लँगर अध्यापनातून निवृत्त झाल्या आणि ओल्ड लाइम गावातल्या घरी आपल्या सर्वांत मोठ्या कामाला पूर्ण वेळ लागल्या.

ते काम म्हणजे 'माइंड: ॲन एसे ऑन ह्यूमन फीलिंग'. पहिला खंड १९६७ मध्ये, दुसरा १९७२ मध्ये, तिसरा १९८२ मध्ये. संगीत भावजीवनाची घडण दाखवतं, तर मुळात ही भावना म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी साठी ओलांडल्यावर हाती घेतला आणि त्यासाठी जीवशास्त्र, मेंदूविज्ञान, प्राणिवर्तन यांचं अफाट वाचन केलं. टिपणांची कार्डं डब्यांतून हजारांनी साठली. त्यांचा युक्तिवाद धाडसी होता. प्रयोगशाळेत भावनेचे तुकडे हाती लागतात, तिची अखंड आकृती हाती लागत नाही. ती आकृती शतकानुशतकं कलावंतांनी टिपून ठेवली आहे. म्हणून मनाच्या शास्त्राने आधी कलाकृतींकडे पाहावं, भावना कशी दिसते ते तिथून शिकावं, आणि मग पेशी-मज्जातंतूंकडे जावं. विज्ञानापुढे कलेला पुरावा म्हणून एवढ्या गांभीर्याने उभं करणारा दुसरा तत्त्वज्ञ मला माहीत नाही. तिसरा खंड त्यांना हवा तसा पुरा करता आला नाही. दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि शेवटचा भाग त्यांनी आटोपता घेतला. १७ जुलै १९८५ रोजी, ८९ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मागे संप्रदाय उभा राहिला नाही. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांची फळी उभी करायला मोठ्या विभागातली कायमची खुर्ची लागते, ती त्यांना मिळाली नव्हती. त्यांचे वारस इतर खात्यांत सापडतात. बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनी लँगर यांचं ऋण मोकळेपणाने मानलं आहे. संगीतशिक्षण, नृत्य आणि कलाशिक्षण या क्षेत्रांत त्यांची पुस्तकं तत्त्वज्ञानाच्या विभागांपेक्षा अधिक वाचली गेली.

संगीत ऐकणाऱ्या आणि इंग्रजी वाचणाऱ्या मराठी माणसाने लँगर यांच्याकडे जरूर जावं. सुरुवात 'माइंड'च्या तीन खंडांनी करू नये, 'फीलिंग अँड फॉर्म'नेही नको. 'प्रॉब्लेम्स ऑफ आर्ट' हे दहा व्याख्यानांचं छोटं पुस्तक आधी घ्यावं, ते सर्वसामान्य श्रोत्यांसाठीच आहे. नंतर 'फिलॉसॉफी इन अ न्यू की'मधलं आठवं, संगीतावरचं प्रकरण वाचावं, आणि लगेच एखादा विलंबित ख्याल लावून त्यांचं कुठलं म्हणणं आपल्या कानांना पटतं आणि कुठलं पटत नाही, ते स्वतःच ठरवावं.